बापाच्या शर्टांची गोधडी

दुसरा रिपोर्टही वाईटच आला. सम्यकच्या रक्तातलं शिसं दीड महिन्यात कमी व्हायचं सोडून वाढलं होतं. नीलमचं डोकंच चालेना. आता आणखी काय करायचं राहिलं होतं?

तिचा नवरा किरण घाटकोपरला जुन्या बॅटऱ्या फोडायच्या गाळ्यात कामाला होता. शिशाची धूळ बापाच्या कपड्यांवरून घरात येते, त्याने पोराचं रक्त कमी होतं, बोलणं मागे पडतं, असं डॉक्टरबाईंनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं. दीड वर्षाचा सम्यक आधी 'पप्पा' म्हणायचा, आता तेही बंद झालं होतं. काम सोडावं, तर राहती खोली गाळ्याच्या शेठची. काम गेलं की खोलीही गेली. मग किरण गाळ्यातच आंघोळ करून, कपडे तिथेच टाकून यायला लागला. नीलम दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने लादी पुसायची. धूळ नको म्हणून खिडकी बंद, आणि आत घामाच्या धारा. एवढा जीव काढून शेवटी हातात काय, तर हा कागद.

घरी आल्यावर तिने सम्यकला त्याच्या गोधडीवर ठेवलं. त्याने सवयीने कोपरा तोंडात घातला आणि चोखू लागला. त्या कोपऱ्यावर खिशाची शिवण होती. नीलम बघतच राहिली.

"आई, ही गोधडी कशाची शिवलीत?"

"किरणच्या जुन्या शर्टांची," तिच्या सासूबाई, सोनूबाई, कौतुकाने म्हणाल्या. "लेकराला नवं कापड टोचतं बाई. बापाच्या अंगाचं कसं मऊ पडतं."

"कामावरच्या शर्टांची?"

सोनूबाईंनी मान हलवून हो म्हटलं. जालन्याकडे त्यांची सगळी पोरं अशाच गोधड्यांत वाढली होती. नातवाच्या अंगावर आपणच विष घातलं, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. नीलमला राग आला होता, पण तो म्हातारीवर काढायचं तिच्या जिवावर आलं. तिने गोधडी ओढून पिशवीत कोंबली आणि वर गाठ मारली. सम्यकने भोकाड पसरलं.

"थांब, माझ्या लुगड्याची शिवते," सोनूबाई ट्रंक उघडत म्हणाल्या. "ते कुठं गाळ्यात गेलंय?"

"आई, पहिला रिपोर्ट येईपर्यंत धुणं एकाच बादलीत भिजवायचो ना आपण. तुमचं, माझं, ह्यांचं, सगळं."

सोनूबाई लुगडं हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. ते परत ट्रंकेत ठेवावं की नाही, हेही त्यांना सुचेना.

नीलमने रडत्या सम्यकला उचलून घेतलं. हुंदके देत त्याने तिच्या ओढणीचं टोक शोधलं, तोंडात घातलं आणि गप्प झाला. त्याचे डोळे मिटायला लागले. झोपू दे आता, असं तिला अगदी मनापासून वाटलं. मग तिने ते टोक हळूच ओढून काढलं आणि तो पुन्हा रडू लागला.