पहिलं भजन जनाबाईचं

साकोलीच्या बसस्थानकामागं धर्मेंद्रचं दोन खोल्यांचं घर आहे. सोमवारी सकाळी त्या घरात एकाच माणसाचा चहा तिसऱ्यांदा थंड झाला. कानात हेडफोन, समोर लॅपटॉप, आणि बायको काय म्हणते याचा पत्ता नाही. घरात असून घरात नसलेला असा एखादा माणूस तुमच्या-आमच्याकडंही असतोच म्हणा.

"अवो, प्रार्थनेले बसता का?" साधनानं विचारलं. "आठ दिवस झाले, घरात बायबल उघडलं नाही."

"देवाचंच काम करून राहिलो ना मी. हे गाणं कोणाचं हाय? त्याचंच ना?"

साधनाला ते पटलं नाही.

धर्मेंद्र लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरायचा, पण जीव गाण्यात. गळा गोड, शब्दही स्वतःचे. नागपूरच्या एका ख्रिस्ती गीतांच्या वाहिनीनं स्पर्धा ठेवली होती. गाणं मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांच्या भक्तीत, प्रत्यक्ष गायलेलं हवं, ही अट. जिंकणाऱ्याचा अल्बम निघणार होता. धर्मेंद्रनं त्यासाठी हंगामाचा सण निवडला. धान कापून झालं की या सणाला लोक नवे तांदूळ, भोपळे, वालाच्या शेंगा वेदीपुढं आणून ठेवतात. वीस-बावीस घरांची ही मंडळी, आणि तिची एक जुनी रीत आहे. सणाचं पहिलं भजन सगळ्यात वयस्क माणसानं उचलायचं. अकरा वर्षं हा मान जनाबाईचा होता.

आता खोटं कशाला बोला, म्हातारीचा आवाज फाटका होता. सूर एका वाटेनं जायचा, ताल दुसऱ्या. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी धर्मेंद्र तिच्या घरी गेला आणि म्हणाला, "आजी, यंदा तू गाऊ नको. रेकॉर्डिंग हाय. तुह्या आवाजानं सगळी भक्ती नासते."

"बरं बाबू," जनाबाई म्हणाली. धर्मेंद्रला हायसं वाटलं.

आणि आता तो सणाचा तोच व्हिडिओ पाहत होता. गाणं झकास उतरलं होतं. कॅमेरा मंडळीवरून फिरला, सगळ्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या रांगेत जनाबाई बसली होती, तोंड घट्ट मिटून. त्यानं तेवढा भाग पुढं सरकवला. मग मागं आणला. मग पुन्हा पाहिला.

"आजी काहून गाऊन नाही राहिली?" मागं उभ्या साधनानं विचारलं. त्यानं आधी टाळलं, मग सांगून टाकलं. साधना ओरडली नाही. "जाऊन या एकदा तिच्याकडं," एवढंच म्हणाली.

जनाबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. रुसली असेल, समजूत काढू, असं ठरवून तो गेला होता.

"रागावली का आजी?"

"नाही गा. तू बरोबरच बोल्ला. इतके वर्सं मले कोणी सांगतलंच नाही." तिनं सूप खाली ठेवलं. "त्याच दिवशी देवाची माफी मागतली. म्हटलं, बापा, अकरा साल तुही भक्ती नासवली मी, मले ठाऊक नव्हतं. आता प्रार्थना मनातल्या मनातच होते. त्याले तरास नको."

धर्मेंद्रला जुनं आठवलं. तो नववीत असताना त्याची आई भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडून होती. तेव्हा याच जनाबाईनं तिच्या खाटेशी बसून भजनं म्हटली होती, याच आवाजात. तो आवाज ऐकत ऐकत तो पोरगा झोपी गेला होता. आज त्यानंच तिला तिच्या देवासमोर मुकी केली होती!

तिथून तो थेट पास्टर सुखराम यांच्याकडं गेला आणि सगळं सांगितलं. तरी शेवटी म्हणालाच, "पण पास्टर, गायलो तर मी देवाचंच ना?"

"गाणं देवाचं होतं बाबू, पण ऐकवाचं होतं नागपूरवाल्यांले," पास्टर म्हणाले. "गळा त्यानंच देला तुले. मोठं व्हावंसं वाटते, त्यातही पाप नाही. पण तुह्या गाण्याले जागा कराले तू त्याच्या लेकरालेच बाजूले सारलं. मंग पहिलं कोण झालं, तो का तू?"

"चुकलो मी. काय करू आता?"

"माह्याजवळ रडून काय होते? देवाले आपला आवाज नको, हे खोटं तू तिच्या मनात घातलं. ते मंडळीपुढं काढ."

शनिवार हा व्हिडिओ पाठवायचा शेवटचा दिवस होता. त्याच्या हातून इतकं चांगलं काम आजवर झालं नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. दिवसभर तो लॅपटॉपभोवती घुटमळला. गाण्यात त्यानं आपण देवापुढं लहान झाल्याच्या ओळी लिहिल्या होत्या, त्या ऐकून त्याला स्वतःचीच लाज वाटली. व्हिडिओ त्यानं पाठवला नाही.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीआधी तो उठून उभा राहिला. "आजीचा आवाज देवाले नको होता असं नाही," तो म्हणाला, "मले नको होता. भक्ती आजीनं नाही, मी नासवली. आजी, मले माफ कर. आजचं भजन तू उचल."

जनाबाईनं मान हलवली. "माफ तर कवाच केलं बाबू. पण आता नाही जमत. तोंड उघडलं का भेव वाटते."

धर्मेंद्र शेवटच्या रांगेत गेला, तिच्याशेजारी खाली बसला आणि तिचंच भजन हळू आवाजात म्हणू लागला. पहिली ओळ एकट्याची गेली. दुसरीही. तिसरीला म्हातारीचे ओठ हलले, आणि मग तो फाटका आवाज निघाला. पेटीला तिचा सूर सापडेना, तेव्हा पेटीवाल्यानं हात उचलले. धर्मेंद्रनं आपला आवाज कमी कमी करत नेला. सारी मंडळी जनाबाईच्या मागून गाऊ लागली.

वाटलं, झालं, फिटलं. पण नाही. आजही भजन उचलण्याआधी जनाबाई एकदा धर्मेंद्रकडं बघते, गाऊ का म्हणून. आणि दर वेळी त्याची मान खाली जाते.

तेव्हा वाचकहो, आपल्यापैकी कोणाला गळा मिळाला आहे, कोणाला लेखणी, कोणाला कॅमेरा. तो खुशाल वापरा. पण देवाचं नाव पुढं करून स्वतःचं नाव मोठं करायला निघालात, तर थांबून एकदा मागच्या रांगेकडं बघा. तिथं कोणाचं तोंड आपण बंद केलं असेल, तर आपली भक्ती तिथंच संपलेली असते.