काशीत सोडलेलं दोडकं

सेलूच्या बाजारओळीत नानाजींचं किराणा दुकान होतं, आणि त्या दुकानात गुळाची भेली नेहमी नानाजींच्या उजव्या हाताशी असायची. गिऱ्हाइकाला गूळ फोडून द्यायचा आणि फोडताना चुरा पडेल तो तोंडात टाकायचा. आता चुरा पडतो तो किती? अहो, पाडाल तितका पडतो! नानाजींचा हात त्यात मोठा वाकबगार होता.

पण माणूस निग्रहाचा, अशी गावभर ख्याती. ही ख्याती कशी झाली ते आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायीच झाला.

आणीबाणी उठली त्या साली नानाजी आणि त्यांची बायको अनुसयाबाई यात्रेच्या गाडीने काशीला गेले होते. काशीला गेलं की गंगेत उभं राहून आपली एक आवडती वस्तू सोडायची आणि जन्मभर तिला तोंड लावायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. पंड्याने ओंजळीत पाणी दिलं आणि विचारलं, "बोलो सेठजी, क्या छोडा?" नानाजींच्या डोळ्यांपुढून जिलेबी गेली, गुळाचा चुरा गेला, पुरणपोळी गेली, सीताफळ गेलं, आणि यातलं एकही सोडवेना. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, "दोडकं."

दोडकं म्हणजे नानाजींचा जन्माचा वैरी! पण नव्या नवरीने या घरात पहिल्यांदा रांधलं ते दोडकंच, आणि तिचं आशेनं बघणारं तोंड पाहून ते बोलून गेले होते, "वा! झकास!" त्या एका शब्दाची शिक्षा त्यांनी वर्षानुवर्षं भोगली. आठवडा उलटायच्या आत ताटात दोडकं हजर. काशीत त्यांना वाटलं, सुटलो बाप्पा! पुण्यही पदरात आणि दोडकंही गंगेला. देवाला फसवलं असं काही त्यांच्या मनात आलं नाही. देव मोठा दयाळू आहे, एवढंच वाटलं.

अनुसयाबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "नलूचे बाबूजी, एवढी आवडती वस्तू सोडली तुम्ही!" असं म्हणून त्यांनी आपली ओंजळ पुढे केली, जरा घुटमळल्या, आणि काहीतरी पुटपुटून पाणी सोडलं. त्या काय बोलल्या ते नानाजींनी ऐकलं नाही. ते घाटावरच्या रबडीवाल्याकडे बघत होते.

गावी परतल्यावर अनुसयाबाईंनी पहिलं काम केलं ते परसातला दोडक्याचा वेल उपटून टाकला. घरात दोडकं यायचं बंद झालं. ओट्यावर बसणाऱ्या बायांना त्या अभिमानानं सांगायच्या, "आमच्या यायनं ज्या दिवशी सोडलं, त्या दिवसापासून नाव नाई घेतलं." कसं घेतील नाव!

पुढे क्रिकेटचा कप देशात आला त्या पावसाळ्यात नानाजींच्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल चावली. एवढीशी जखम, पण भरायचं नाव घेईना. हळद झाली, मलम झालं. शेवटी लेक नलू, ती वर्ध्याला नालवाडीत दिलेली, ती त्यांना धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. नलूला फार वर्षांनी मूल झालं होतं. पोट्टं झालं तर आजोबा त्याला खांद्यावर घेऊन गिरडची टेकडी चढतील, असा शेख फरीदबाबाला नवस बोललेला होता, आणि तो नवस दुसऱ्या कुणी नाही, खुद्द नानाजींनीच बोललेला. होळी झाल्यावर जायचं ठरलं होतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, साखर. गोड एकदम बंद, सकाळी फिरणं, भात कमी. भाजीत कारलं, दुधी, दोडकं...

"दोडकं नाई जमत, डॉक्टरसाहेब," अनुसयाबाई मध्येच म्हणाल्या. "त्यायनं काशीले सोडलं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून नानाजींकडे आदरानं पाहिलं. "मग तुम्हाला गोड सोडणं काय अवघड! पण ऐका, जखम अशीच राहिली तर बोट काढावं लागेल. आणि बोटावर भागेल असं मी म्हणणार नाही."

नानाजी घाबरले. घरी येईपर्यंत ते चांगलेच घाबरलेले होते आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच फिरायला निघाले. पायाला पट्टी, पायात जावयाचे जुने बूट, हातात काठी. फिरायचा रस्ता स्टेशनकडचा. त्या रस्त्याच्या वळणावर बंडूजीचं हॉटेल, आणि बंडूजीच्या कढईत सकाळी सकाळी काय पडायचं? जिलेबी! आता माणूस चालून दमला तर घटकाभर बसणार, बसला तर चहा घेणार, चहा बिनसाखरेचा घेतला तर तोंड कडू होणार. अशी एकेक पायरी उतरत नानाजी जिलेबीपर्यंत पोचायचे. मनाशी म्हणायचे, एवढं चाललो, तर एवढं जिरतेच. कधी म्हणायचे, उद्यापासून नक्की. उद्याचा माणूस मोठा गुणी असतो, त्याच्यावर कितीही ओझं टाका!

घामाघूम होऊन ते परतले की अनुसयाबाई पदराने त्यांचं कपाळ टिपायच्या. "लय मेहनत करून राह्यले तुम्ही," म्हणायच्या. नानाजी "हं" म्हणून मेथीचं पाणी पिऊन टाकायचे. तेवढं एक प्रायश्चित्त.

साखर काही उतरेना. कशी उतरणार? अनुसयाबाईंना वाटलं, आपल्याच रांधण्यात खोट आहे. त्यांनी घरातला भात बंद केला, मग चहाची साखर बंद केली, स्वतःचीसुद्धा. तरी साखर उतरेना, तेव्हा त्यांनी सोमवार धरला. मग गुरुवार धरला, मग शनिवार. नवऱ्याचा पाय बरा व्हावा म्हणून ही बाई उपाशी राहायला लागली आणि दसऱ्यापर्यंत बांगड्या हातातून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. नानाजींना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आतून खातही होतं, पण त्यांची जीभ त्यांच्याहून वयाने मोठी असल्यासारखं ते तिचं ऐकायचे.

दसऱ्यानंतर डॉक्टरांनी जखम पाहिली आणि मान हलवली. "दिवाळीपर्यंत वाट बघू. मग काढू बोट."

त्या दिवशी ती दोघं नलूकडे जेवायला थांबली. नानाजी जेवून बाहेरच्या खाटेवर पडले होते. नातू शेजारीच झोपलेला. तहान लागली म्हणून ते उठले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन तसेच थांबले. आत अनुसयाबाई भाकरीशी दोडक्याची भाजी खात बसल्या होत्या. डोळे मिटून खात होत्या. बोटं चाटत होत्या, लहान पोरीसारख्या.

"माय, अजून घे ना," नलू म्हणाली.

"दे बाप्पा. घरी कुठी भेटते."

"मग घरी करत जाय ना तुह्यापुरतं."

"त्यायच्यासमोर? माणसानं देवासाठी सोडलं अन् मी त्यायच्या नाकासमोर मिटक्या मारू? नाई जमत मले." अनुसयाबाईंनी ताट पुसून घेतलं. "तू पाह्यजो, उतरते त्यायची साखर. ज्यायनं दोडकं सोडलं, त्यायले जिलेबीचं काय! माह्यंच काईतरी चुकून राह्यलं."

नानाजी पाणी न पिताच मागे फिरले. खाटेवर येऊन बसले. नातवाची इवलीशी मूठ उघडी पडली होती, तीत त्यांनी आपलं बोट दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःकडे नीट पाहिलं. निग्रही माणूस! डॉक्टरला फसवलं, पोरीला फसवलं, ते सोडा. या बाईच्या तोंडचा घास काढला, वर तिच्याकडून उपास करवले, आणि ती आपली आरती ओवाळते आहे! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बोट सोडवून घ्यायचीही हिंमत होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूला ते बूट घालत म्हणाले, "नलूची माय, चाल. आज माह्यासंगं फिराले."

"मी? मी काऊन?"

"चाल म्हणतो ना."

दोघं स्टेशनच्या रस्त्याला लागली. वळणावर आल्यावर नानाजी अनुसयाबाईंना घेऊन सरळ हॉटेलात शिरले आणि बाकावर बसले. बंडूजीने मागे वळूनही पाहिलं नाही. रोजच्या सवयीनं त्याने गरम जिलेबीची बशी नानाजींपुढे आणून ठेवली, मग बाईंना पाहिलं आणि बिचाऱ्याचा हात बशीवरच राहिला.

अनुसयाबाई बशीकडे बघत राहिल्या. "रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," नानाजी म्हणाले. "बंडूजी आणून देते म्हून नाई. मी मागतो."

त्यांनी पदराने बशीवरची माशी उडवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नानाजींनी ओठांवरून जीभ फिरवली. "अजून एक आहे. दोडकं मले कधीच आवडत नव्हतं."

"काय?"

"कधीच नाई. काशीत मी नावडतंच सोडलं."

"मग पहिल्या दिवशी झकास काऊन म्हटलं?"

"तू पाहून राह्यली होती माह्याकडे."

अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. नानाजींना वाटलं रडते आहे, पण ती बाई हसत होती! हसता हसता बाकावर वाकली, बंडूजीही उगाच हसला. आणि मग हसणं कुठेतरी संपलं आणि डोळे भरून आले.

"तुम्हाले माहीत आहे, मी काय सोडलं होतं काशीले?"

नानाजींना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी विचारलंच नव्हतं.

"मी दोडकंच सोडणार होती. माह्यं सगळ्यात आवडतं तेच. पण तुम्ही आधी बोलले. मले वाटलं, एका घरून देवाले दोनदा तेच काऊन द्यावं? म्हून मी सीताफळ सोडलं."

नानाजींच्या डोळ्यांपुढे दरवर्षीची टोपली आली. ही बाई पिकलेलं सीताफळ फोडायची, गर चमच्याने वाटीत काढायची, बी वेचायची आणि वाटी त्यांच्यापुढे सारायची. तू खाय ना, असं ते एकदा तरी म्हणाले होते का? ते आठवू लागले, आणि आठवेना. भर हॉटेलात त्या मोठ्या माणसाने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"माफ कर," ते म्हणाले. "लय खोटा माणूस भेटला तुले."

अनुसयाबाईंनी टेबलावरचा पाण्याचा गिलास उचलला. "बाहेर चला. ओंजळ धरा."

"इथी?"

"गंगा काई सेलूले येत नाई."

मोरीपाशी उभं राहून नानाजींनी ओंजळ धरली. अनुसयाबाईंनी पाणी ओतलं. "बोला सेठजी, काय सोडलं?"

"जिलेबी."

"अन्?"

"गूळ. चुऱ्यासकट."

"अन्?"

"अवं, जीव घेतं का आता!" नानाजी म्हणाले. मग जरा थांबले. हे कुणी मागितलं नव्हतं. "सीताफळ. मीबी सोडलं."

ओंजळीतलं पाणी सांडलं. जिलेबीची बशी बंडूजीने मुकाट्याने उचलून आत नेली.

म्हणून काय नानाजी एका दिवसात संत झाले? छे! एकदा गुळाचा खडा तोंडात गेलाच. पण दुपारी जेवताना त्यांनी तो आपणहून सांगितला. दुसऱ्या दिवसापासून गुळाची भेली दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि फिरायला दोघं मिळून जायला लागली. अनुसयाबाईंचे उपास सुटले. दिवाळीला डॉक्टरांनी जखम पाहिली आणि बोट काढायचं पुढे ढकललं. संक्रांतीला म्हणाले, आता काढायचं काही कारण नाही.

होळी झाल्यावर सगळे गिरडला गेले. नातू खांद्यावर बसला आणि आजोबांचे कान लगाम धरल्यासारखे धरले. नानाजी थांबत थांबत, धापा टाकत, पण स्वतःच्या दहाही बोटांवर वर पोचले. बाबापुढे डोकं टेकून झाल्यावर झाडाच्या सावलीत नलूने डबा उघडला. दोडक्याची भाजी होती. नावडतं सोडलं ते सोडलंच नाही, असा अनुसयाबाईंनी निकाल दिला होता आणि परसात वेल पुन्हा चढला होता.

नानाजींनी एक घास घेतला. अनुसयाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, पहिल्या दिवशी बघत होत्या तशाच.

"कसं झालं?"

"खोटं नाई सांगत," नानाजी म्हणाले. "मले अजूनई नाई आवडत."

"माहीत आहे मले. वाढू अजून?"

नानाजींनी ताट पुढे केलं. "वाढ."