अर्धं राहिलेलं इंजिन

भिंगाच्या कडेला अंगठ्याचा ठसा राहिला होता... तिने ते फडक्याने पुसलं, उजेडाकडे धरलं, तरी ठसा तिथेच – म्हणजे तो भिंगावर नव्हताच, तिच्या स्वतःच्या चष्म्यावर होता. मग तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा भिंग धरलं, आणि आता त्या पितळी कड्यात काच आहे की नाही तेही कळू नये इतकं ते स्वच्छ होतं, त्यातून समोरचा रस्ता, कुलूप उघडणारा शिंपी, त्याची सायकल, सगळं आहे तसं दिसत होतं. आहे तसं. सकाळी पुलावर असताना चष्म्यावर हा ठसा होता का? पण ठशाने फार तर दिसणारं पुसट होईल. नसलेलं कसं दिसेल?

सकाळी तिने निळं इंजिन पाहिलं होतं.

चष्म्याच्या दुकानात कामाला येताना ती रोज रेल्वेचा पादचारी पूल ओलांडते, रोज खाली बघते आणि रोज काही विशेष नसतं. आज रिकामे डबे ओढत ते वळणावरून आलं. निळं. गडद नाही, शाई सांडून वर पाणी पडलं की होतो तसला रंग, आणि तोंडावर जिथे आकडा असतो तिथे काहीच नाही, नुसता रंग. ते पुलाखाली शिरलं तशी ती या वयात, पर्स छातीशी धरून, पलीकडच्या कठड्याकडे धावली. बाजूवरही आकडा नव्हता. मग ते गोदामाआड गेलं. पुलावर आणखी माणसं होती. एकजण फोनवर कुणाशी तरी भांडत होता, एक बाई मुलीला हाताला धरून ओढत होती. त्यांना विचारायचं तरी काय – अहो, खाली आत्ता जे गेलं ते खरंच गेलं ना? लोकांनी तिच्याकडेच पाहिलं असतं.

हे गाव तिला इंजिनांवरून पाठ आहे, आणि ते दादाने करून घेतलेलं. छतं बघायची तर पूल, चाकं बघायची तर ओढ्यावरची मोरी, आणि नुसतं ऐकायचं असेल तर शाळेची मागची भिंत, तिथे कान लावला की गाडी दिसायच्या आधी विटांमधून यायची. यार्डात डबे ढकलणारा काळा, हनुवटीखाली तेलाची दाढी वाढलेला तो बोकड. एक दिवा कायमचा गेलेला तो काण्या. पाठीला पाठ लावून येणारी जुळी, त्यातलं नेहमी एकच काम करायचं आणि दुसरं फुकट फिरायचं, दादा म्हणायचा, 'अगदी आपले काका-काकू.' आणि गावात न थांबता जाणारं तिरप्या तोंडाचं, त्याचं नाव पाहुणा. दादा काही लिहून ठेवायचा नाही. लिहिलेलं खोटं करता येतं, म्हणायचा. त्याचा नियम एकच होता: दोघांनी पाहिलं तरच इंजिन 'लागलं'. एकट्याने पाहिलं तर ते अर्धं. अर्धं धरायचं नाही, पण सोडायचंही नाही – दुसऱ्याला दिसेपर्यंत सांभाळायचं.

तेव्हा तिला नियमाची गंमत वाटायची. ती घरात अंथरुणावर गालफुगीने पडलेली असताना दादा धावत आला होता, जिन्यावर त्याची चप्पल राहिली होती, आणि दारातूनच ओरडला होता, 'निळं! बिनआकड्याचं! उठ, उठ लवकर!' आईने उठू दिलं नाही. मग गाल उतरल्यावर ते दोघं रोज पुलावर उभे राहिले, रोज बोकड आला, काण्या आला, निळं काही आलं नाही. 'अर्धं आहे अजून,' दादा म्हणायचा, अगदी शांतपणे.

पुढे तो शांत राहिला नाही. त्याची झोप गेली. भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी हळू आवाजात बोलायचा. हे सगळं होतं, नव्हतं असं नाही... पण डॉक्टरांकडे गेल्यावर बाबांनी यातलं काही सांगितलं नाही, म्हणजे सांगितलं, पण नंतर. आधी ते म्हणाले, 'नसलेली इंजिनं दिसतात याला.' बहुतेक त्यांना तेच सांगायला सोपं वाटलं. डॉक्टर तिच्याकडे वळले. भला माणूस होता. 'बाळ, तू पाहिलंस का ते निळं इंजिन?' ती म्हणाली, 'नाही.' दादाने तिच्याकडे बघून मान हलवली, रागाने नाही, उलट शाबासकी दिल्यासारखी, आणि डॉक्टरांना म्हणाला, 'बरोबर आहे तिचं. तिने नाही पाहिलं. अर्धंच आहे ते.' डॉक्टरांनी हे वाक्य ऐकलं आणि पुढे औषध लिहिलं. औषधांनी दादा झोपायला लागला. मग झोपूनच राहायला लागला. एका थंडीत छातीत कफ झाला, तेवढ्याचं निमित्त होऊन गेला. आपलेच दात, आपलेच ओठ, आई फक्त एकदा म्हणाली, आणि त्यानंतर त्या घरात इंजिन हा शब्द कुणी काढला नाही. खिडकीखालून गाड्या जायच्या तेव्हा सगळे थोडे मोठ्याने बोलायचे.

खरं बोलल्याचा पश्चात्ताप कसा करायचा असतो, हे तिला अजून कळलेलं नाही.

"ताई, हे आकडे नाचतात हो," खुर्चीतला माणूस म्हणाला. यार्डात डबे जोडणारा होता, निळा सदरा, नखांत ग्रीस. आज नेमका हाच यावा! तिने चाचणीची चौकट त्याच्या नाकावर ठेवली, एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"आता?"

"आता उभे राहिले."

विचार. नको विचारू. विचार ना, त्यात काय आहे...

"सकाळी यार्डात आलं ते इंजिन कुठलं होतं हो? रिकामे डबे घेऊन आलेलं."

"कुठलं म्हणजे?" तो हसला. "इंजिनासारखं इंजिन. आम्ही ताई, दोन डब्यांच्या मध्ये उभे असतो. तिथून इंजिन बघायला गेलो तर घरी आमचा फोटो बघायची वेळ येईल."

"रंग तरी?"

"तुमचं कुणी आहे का त्यावर?" त्याने चौकटीतून, भिंगांनी मोठ्या केलेल्या डोळ्यांनी, तिच्याकडे पाहिलं. तिने कानाला खडा लावला आणि पुढची ओळ वाचायला सांगितली.

वर्कशॉपमधून नवा रंग देऊन, आकडा घालायच्या आधी चाचणीसाठी बाहेर काढलेलं इंजिन असू शकतं. हे तिला आता कळतं. तेव्हा कुणालाच कळत नव्हतं, किंवा कुणी कळून घेतलं नाही. आणि असं इंजिन असू शकतं म्हणजे आज ते होतंच असं थोडंच आहे? ते होतं, तर दादा खरं सांगत होता, आणि आपण सगळ्यांनी मिळून एका धडधाकट मुलाला... नाही, धडधाकट नव्हता, झोप गेली होती, भिंतीशी बोलायचा. पण इंजिनापुरता तो खरा होता. आणि ते नव्हतं, तर मग जे त्याला झालं ते इतकी वर्षं दबा धरून आज मला झालंय, आणि सुरुवात त्याच रंगाने. हे घराण्यातच आहे, असं शेजारी म्हणायचेच. दिवसभर ती लोकांना विचारत राहिली, दिसतं का, स्पष्ट दिसतं का, आणि लोक विश्वासाने तिला सांगत राहिले.

दुकान आवरताना मालक म्हणाले, "बाबांचा डोळा काय म्हणतो?"

"बराय. पांढरं निळसर दिसतं म्हणतात. परवा मलाच बोलले, चादरीला नीळ किती घातलीस म्हणून."

"मोतीबिंदू काढल्यावर दिसतं तसं काही दिवस. जुना डोळा पिवळा बघतो, नवा निळा. माणूस मधल्या मध्ये लटकतो." आणि ते आपल्याच बोलण्यावर खूश होऊन कुलूप शोधू लागले.

परत येताना तिने पूल टाळला. फाटकाकडून वळसा घेऊन घरी आली. भ्यायले होते मी, दुसरं काय?

बाबा खिडकीत बसले होते. आई गेल्यापासून, खरं तर त्याही आधीपासून, ते तिथेच बसतात. तिला वाटायचं, वाऱ्यासाठी. खिडकीतून रुळांचं वळण दिसतं. तिने चहा केला, कप त्यांच्या हातात दिला, बशी खाली धरली. पेशंटला अक्षर आपण सांगायचं नसतं, नुसतं बोट ठेवायचं असतं. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं की आवाजही दुकानातलाच निघाला.

"सकाळी मी गेल्यावर एक गाडी गेली ना? रिकाम्या डब्यांची?"

"गेली."

"इंजिन कुठलं होतं, बाबा?"

शब्द इतक्या वर्षांनी त्या खोलीत आला. बाबांनी चहावर फुंकर घातली. पुन्हा घातली, चहा निवलेला असूनही.

"निळं," ते म्हणाले. "तोंडावर आकडा नव्हता. तो सांगायचा तसं."

लागलं! दादा, लागलं रे!... आणि तेवढ्यात तिच्यातली चष्म्याच्या दुकानातली बाई जागी झाली. नवा डोळा. नव्या डोळ्याला पांढरी चादर निळी दिसते. आणि आकडा? त्यांना अजून चष्मा दिलेला नाही, समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत नाही, त्यांना इंजिनावरचा आकडा दिसला नाही यात नवल काय! साक्ष मिळाली होती आणि ती स्वतःच, आपल्याच शिकलेल्या अकलेने, ती फेटाळत होती.

"तुम्ही आधी कधी पाहिलं होतंत ते?" तिने विचारलं.

"नाही. बघतोय."

"म्हणजे?"

"तो गेल्यापासून बघतोय. येतं का ते." त्यांनी कप बशीत ठेवला, तो नीट बसला नाही, खडखडला. "आज आलं. आणि डोळा हा असला. माझा माझ्यावर विश्वास नाही गं."

म्हणजे वाऱ्यासाठी नव्हतंच. ती पुलावरून आणि हे इथून, इतकी वर्षं एकाच वळणाकडे बघत होते, आणि एकाने दुसऱ्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. तिला बाबांचा राग आला, फार राग आला, आणि त्यांच्या मानेवरचे बारीक पांढरे केस बघून तो कुठे ठेवायचा ते कळेना.

"परत जाईल ते," ती म्हणाली. "डबे सोडून एकटंच. संध्याकाळी जातात याच रुळावरून."

"मग?"

ती खुर्चीच्या मागे उभी राहिली आणि तिने त्यांच्या नव्या डोळ्यावर तळहात ठेवला, दुकानात ठेवते तसा, डोळा दबू न देता. "आता जुन्याने बघा. दिसेल तेवढंच सांगा."

"या डोळ्याने निळं थोडंच दिसणार मला?"

"हिरवट दिसेल. करडं दिसेल. पण काळं तर दिसणार नाही ना. आणि मी आहे."

तळहाताखाली बाबांची पापणी हलत होती. बाहेर अजून उजेड होता, वळणावरचा सिग्नल पडला होता, आणि तिला वाटलं, आता बोकडच येईल, किंवा काण्या, किंवा काहीच येणार नाही. आणि ते आलं तर दादाला आपण काय करून बसलो हे या खोलीत पहिल्यांदाच समोर येईल, नाही आलं तर उद्या मला डॉक्टरांकडे कोण नेईल... यांच्याशिवाय आहे कोण? तिला दोन्हींची भीती वाटत होती. पण ही भीती सकाळची नव्हती, सकाळची तिच्या एकटीची होती.

रूळ वाजू लागले.

बाबांनी हात वर केला. तिला वाटलं, ते तिचा तळहात काढताहेत. त्यांनी तो आपल्या डोळ्यावर आणखी दाबून धरला.

"घट्ट धर," ते म्हणाले. "फटीतून दिसतंय."

तिने बोटं जुळवली, आणि आपले दोन्ही डोळे उघडे ठेवले.