मांडवाच्या दिवशी लावलेल्या फळ्या

“पाच हळकुंडं पयले. मंग बाकीचं,” असं म्हणत खुशालभाऊंनी डब्यात हात घातला.

एकेक हळकुंड ते उजेडाकडे धरून पाहत होते. वाकडं नको, किडलेलं नको, टोक मोडलेलं तर मुळीच नको. समोर त्यांचा बालमित्र धनराज लग्नाच्या किराण्याची यादी घेऊन उभा होता. त्याच्या थोरल्या पोरीचं, रंजीताचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. लग्नाचा किराणा भरायचा तर आधी पाच हळकुंडं घ्यायची, मग तांदूळ, डाळ, तेल, ही चामोर्शीतली जुनी रीत. ती दुकानदारानं आपल्या हातानं निवडून द्यायची.

“पवन, बस. आज आर्डर मोठी लिहिजो,” भाऊ मला म्हणाले. आतून साधनाबाईंनी न सांगता तीन कप चहा आणला. बाईंनी त्या दिवशी केसांत फूलही माळलं होतं.

मी बिस्किटं, साबण आणि चहापत्तीच्या एजन्सीचा लाइनवरचा माणूस. दर मंगळवारी चामोर्शी, बुधवारी मुलचेरा, महिन्यातून दोनदा एटापल्ली. बावीस वर्षं मोटारसायकलवर बसून दुकानदारांच्या ऑर्डरी लिहिल्या. मी लागलो तेव्हा चामोर्शीच्या या एका रस्त्यावर एकोणीस किराणा दुकानं होती. कुठं हिंगाचा वास, कुठं रॉकेलचा. डोळे बांधून सोडलं असतं तरी कोणत्या दुकानात उभा आहे ते मी सांगितलं असतं. आता चार उरलीत. एकात मोबाइलची कव्हरं मिळतात म्हणून ते धरायचं की नाही, मला ठरवता येत नाही.

खुशालभाऊंचं दुकान त्या एकोणिसांतलं सगळ्यात उशिरा निघालेलं. ते जातीनं ढिवर. बापाचा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेला. पोरानं एक पोतं मीठ आणि एक टिन तेल घेऊन दुकान मांडलं, तेव्हा पेठेतल्या जुन्या दुकानदारांनी भरपूर टिंगल केली. ढिवराच्या मिठाला मासोळीचा वास येणार, म्हणाले. भाऊ हट्टी. वर्षभर रोज पहाटे राखेनं कोपरापर्यंत हात घासून मगच मिठाला हात लावायचे. पावसाळ्यात सुकट सगळ्यात जास्त खपते, पण अडतीस वर्षांत त्यांनी दुकानात सुकटीचं एक पाकीट ठेवलं नाही. पुढे टिंगल करणारेच त्यांच्याकडून मीठ नेऊ लागले. भाऊंना या गोष्टीचा फार अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

मग बसस्टँडजवळ मार्ट आलं. काचेचं दार, आत गारेगार हवा, ढकलायची गाडी. साखर पाकिटात, डाळ पाकिटात, बोलायला कोणी नाही. लोकांना तेच आवडलं. वर्षभरात पेठेतल्या सहा दुकानांच्या फळ्या लागल्या त्या लागल्याच.

आता माझ्या अकलेची गोष्ट सांगतो. मार्टमध्ये सगळं मिळायचं, फक्त मयतीचं सामान मिळायचं नाही. कोरं पांढरं कापड, सुतळी, गुलाल, राळ, कापूर. मालकाला ते अशुभ वाटायचं. पूर्वी हे सामान प्रत्येक दुकानात कुठल्यातरी कोपऱ्यात असायचं. मीठ घेणारी बाई आणि कफन घेणारा माणूस एकाच पायरीवर उभे राहायचे, कोणाला काही वाटायचं नाही. दुकानं बंद झाली आणि मयत झालेल्या घरचा माणूस चार-चार गावं फिरायला लागला. एकदा मी भाऊंना सहज म्हणालो, “तुमी ठेवा ना सगळं एका ठिकानी. मानूस मराचा काई बंद नाई होत.” नुसतं म्हणून थांबलो असतो तर बरं होतं. पण मला उत्साह फार. मी स्वतः गडचिरोलीहून पाटी रंगवून आणली आणि दुकानाच्या कपाळावर ठोकली. अंत्यविधीचे संपूर्ण सामान मिळेल. पिवळ्यावर लाल अक्षरात.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मीठ-मिरचीवाले आधीच मार्टकडे वळले होते. उरलेल्यांनी पाटी वाचली. भाऊंच्या पायरीवर कोणी दिसलं की रस्त्यावरचा माणूस विचारायचा, “कोन गेलं बाप्पा?” मग साधं जिरं घ्यायलाही बायका येईनात. पोरांना गोळीसाठी पाठवेनात. वर्षभरानं आम्ही पाटी काढली. भिंतीवर तिच्या जागी चौकोनी डाग राहिला आणि गावाच्या तोंडी ‘मयतीचं दुकान’ हे नाव राहिलं. चार गावांचे दुःखी लोक तेवढे येत राहिले.

म्हणून धनराजची यादी आली तेव्हा साधनाबाईंनी फूल माळलं. दोन वर्षांत पहिल्यांदा लग्नाचा किराणा या दुकानातून निघत होता. लग्नात तीन गावं जेवतील, हळद कुठून आणली ते बायका विचारतील, आणि धनराजची बायको खुशालभाऊंचं नाव सांगेल. मग पायरी पुन्हा सुरू होईल. भाऊंनी हे मला तीनदा सांगितलं.

“एक लगन गेलं ना पवन आपल्या दुकानातून, मंग पाहाय.”

मी त्या दिवशी खरंच मोठी ऑर्डर लिहिली.

पुढच्या मंगळवारी गेलो तर धनराज रस्त्यावर मोटारसायकल थांबवून उभा होता. मागच्या सीटला दोन पोती बांधलेली. पोत्यांची तोंडं शिवलेली होती, तशीच, न उसवलेली. भाऊ दुकानात बसून त्याच्याकडे पाहत होते.

“वर ये ना गा, धनराज.”

“नाई भाऊ. इथीच बरा आहो.”

बराच वेळ तो गाडीचा आरसा पुसत राहिला. मग आरशाकडेच बघून बोलला.

“बयनीनं घरात घेऊ नाई देलं. गोकुळानं. म्हने, मयतीच्या दुकानातली हळद पोरीच्या आंगाले लावता का? नवरदेवाकडच्या बायाईच्या कानावर गेलं तं मांडवातून उठून जातीन, म्हने.”

“आन् तुले का वाटते?”

“मले काई नाई वाटत. तुह्या हातचं खाऊन लहानाचा मोठा झालो मी.” धनराजनं पहिल्यांदा वर पाहिलं. “पन पोरीचं लगन हाय. उद्या तिले साधा ताप आला तरी लोक मलेच बोलतीन.”

भाऊ उठले. माणूस चिडला की जड पावलानं चालतो, ते तसे चालले नाहीत. हळू पायऱ्या उतरले, दोऱ्या सोडल्या आणि एक पोतं खांद्यावर घेतलं. मी धावलो, दुसरं घेतलं. हळकुंडांची पुडी धनराजनं खिशातून काढून वेगळी दिली. तिची गाठही कोणी सोडली नव्हती.

“पैशे राहू दे भाऊ,” धनराज म्हणाला.

“काऊन राहू देऊ? माल वापस आला.” भाऊंनी गल्ल्यातून काढून तिथल्या तिथे त्याच्या हातात ठेवले. मग विचारलं, “मांडव कधी हाय?”

“येत्या शनिवारी.”

धनराजनं ‘ये’ म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. तो गाडीची किल्ली फिरवत राहिला. शेवटी भाऊच म्हणाले, “मी नाई येत गा. तू फिकर नको करू. पोरगी सुखी राहो.”

तो गेल्यावर साधनाबाई आतून बाहेर आल्या नाहीत. चहाही आला नाही. मला तिथं बसवेना आणि उठून जाववेना.

“भाऊ, ती पाटी मी लावली,” मी म्हणालो. “माह्यामुळे झालं हे.”

“होय, तूच लावली.” भाऊंनी पोतं भिंतीला टेकवलं. “राग हाय मले तुह्यावर. लय दिवसाचा हाय. पन सांगू का, त्या पाटीनं चार गावच्या लोकाईची पायपीट वाचली. मेल्या मानसाले कपडा तं लागतेच ना. तो कोनी तरी देल्ला पायजे.”

“मंग आता का करान?”

“आता?” ते माझ्या ऑर्डरबुकाकडे पाहून हसले. “आता बिस्किटाचा एकच डब्बा लिहाय. पोरं तं येतच नाई.”

मांडवाच्या दिवशी मी मुद्दाम सकाळीच गेलो. एजन्सीचं काही काम नव्हतं. भाऊंना एकटं बसू द्यायचं नव्हतं, एवढंच. मी पोचलो तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक होतं. डोमा नावाचा पन्नाशीचा माणूस, नदीकडच्या गावाहून आलेला. रात्री त्याची आई गेली होती. पायात चप्पल नव्हती आणि शर्टाची बटणं वर-खाली लागली होती. कोण गेलं हे भाऊ कधी कोणाला विचारत नसत. डोमानंच मला सांगितलं, कारण कोणाला तरी सांगायचं होतं.

भाऊंनी सुतळी काढली, गुलाल बांधला, राळ आणि कापूर पुडीत घातला, नारळ डोमाच्या हातात दिला. मग पांढऱ्या कापडाचा तागा फळीवर उलगडून कात्री लावली. कापड अर्धं कापून झालं आणि पेठेच्या टोकाला वाजंत्री ऐकू आली.

मातामायचं, म्हणजे गावदेवीचं ठाणं दुकानाच्या पुढं, तलावाच्या पाळीवर आहे. मांडवाच्या दिवशी नवरीला घेऊन बायका तिथं जातात. दुसरा रस्ता नाही.

भाऊंचे हात थांबले. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग फळीवर पसरलेल्या पांढऱ्या कापडाकडे. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा तेच भरलं असतं.

“पवन, फळ्या लाव.”

“भाऊ, तुमचं दुकान हाय. तुमी काऊन...”

“लाव म्हनतो ना. नवरीच्या नजरेले नाई पडलं पायजे.”

मी एका बाजूनं फळ्या सरकवत आलो. दुसऱ्या बाजूनं साधनाबाई आल्या. नवऱ्याकडे किंवा माझ्याकडे न बघता त्यांनी चार फळ्या खाचेत बसवल्या आणि आत निघून गेल्या. दुकानात अंधार झाला. फटींमधून उन्हाच्या रेघा तेवढ्या जमिनीवर पडल्या.

वाजंत्री जवळ आली आणि नेमकी आमच्यासमोर थांबली. पोरं नाचायला लागली असावीत. बंद दुकानाच्या पायऱ्यांवर धपाधप पावलं वाजली. कोणीतरी म्हातारी दम खायला पायरीवर बसली आणि “हळू चाला गं पोरीहो” म्हणाली. इतक्या दिवसांत त्या पायरीवर एवढी माणसं मी पाहिली नव्हती. फटीला डोळा लावला तर पिवळं लुगडं दिसलं, हळदीनं माखलेला एक हात दिसला. मी भाऊंना बाजूला सरून जागा करून दिली. ते आले नाहीत.

डोमा नारळ छातीशी धरून उभा होता. भाऊ त्याच्याजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “भाऊ, जरासे थांबा. आमची पोट्टी चालली देवीले. तिले जाऊ द्या.”

डोमानं मान हलवली.

“जाऊ द्या जी,” तो म्हणाला. “मायले आता काई घाई नाई.”

बाहेर वाजंत्री वाजत राहिली. अर्ध्या कापडात अडकलेली कात्री भाऊंनी तशीच धरून ठेवली, आणि मिरवणूक पुढे जाईपर्यंत आम्ही तिघं अंधारात उभे राहिलो.