पेटीत तोंड घालायचं नाही

गोणीत दोनशे अठ्ठावीस पाकिटं होती. महिन्याला एक, अशी एकोणीस वर्षांची. सगळ्यांवर पत्ता आईच्या अक्षरात, सगळ्यांवर मुख्य कार्यालयाचा पोहोचल्याचा शिक्का. मी दोनदा मोजली. त्यांतली उघडलेली तीन.

गोणी घेऊन आलेला कारकून भला माणूस होता. पाणी पिऊन झालं तरी रिकामा पेला हातात धरून बसला होता. "आम्ही नव्या इमारतीत चाललोय, ताई. जुनं सगळं रद्दीत काढायला सांगितलंय. मी म्हटलं, तुमचं तुम्हाला नेऊन द्यावं."

"पण हे कोणी बघत नव्हतं का?" मी विचारलं.

"बघणाऱ्याची जागा रिकामी होती," तो म्हणाला. "ती भरलीच नाही कधी."

आईने पाकिटं चाळली. "पहिली तीन उघडलीत," ती म्हणाली. "तेव्हा माझं अक्षर बरं होतं."

कारकून हसला, मीही हसले. आई हसली नाही. तो गेल्यावर तिने गजराचं घड्याळ उचललं आणि किल्ली न देताच परत ठेवलं. महिनाअखेरीस आमचं हवामान केंद्र बंद होणार, हे आधीच ठरलेलं होतं. त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण अजून अकरा दिवसांची वाचनं बाकी होती.

"उद्या मी उठणार नाही," ती म्हणाली. "कोणासाठी उठू?"

संध्याकाळी मी चौथं पाकीट फोडलं. तक्त्यात तीस दिवसांचे आकडे होते आणि शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात, एक ओळ: 'चार ते सात तारखेचं सकाळचं तापमान ०.६ अंशाने जास्त. ग्राह्य धरू नये. कारण: मुलीचा श्वास.'

ती मुलगी मी. तेव्हा सहा वर्षांची होते.

केंद्र म्हणजे राहत्या दोन खोल्या आणि कुंपणातलं अंगण. अंगणात चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी, तेव्हा माझ्या डोक्याच्या वर. चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या, वारा आत यावा पण ऊन येऊ नये म्हणून. आत तापमापक. आई रोज सकाळी साडेसातला पेटीचं दार उघडायची, डोळा आणि पारा एका रेषेत यावा म्हणून मान झुकवायची, आकडा मोठ्याने म्हणायची आणि मग वहीत लिहायची. आसपास चिटपाखरू नसायचं.

पांढरं घर, लहानसं दार, रोज ठरल्या वेळी वाकणं, आतल्या कोणाशी तरी बोलणं. हाती असलेल्या पुराव्यावरून मी निष्कर्ष काढला की देव आमच्या अंगणात राहतो.

आम्ही नुकतेच तिथे राहायला आलो होतो. शाळेत माझ्याशी कोणी बोलत नसे. भांडण नव्हतं, बाकीच्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या होत्या, इतकंच. एकदा तर मी वर्गात असतानाच बाईंनी माझी गैरहजेरी मांडली. म्हणून मी सात वाजून वीस मिनिटांनी स्टूल ओढायची, पेटीचं दार किलकिलं करून तोंड आत घालायची आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगायची.

चौथ्या दिवशी आईने पकडलं.

"आत काय फुंकतेस गं?"

"फुंकत नाही. सांगते."

"कोणाला?"

"तू सांगतेस ना, त्यालाच."

त्या क्षणी ती हसली असती तर मी परत कधी कोणाला काही सांगितलं नसतं. ती स्टुलाशेजारी उकिडवी बसली.

"तो पेटीत मावत नाही, बाळ. तू शाळेत एकटी डबा खातेस ना, तिथेही असतो. त्याला कुठूनही सांग. फक्त पेटीत तोंड घालायचं नाही. पारा चढतो."

"मग तू का मोठ्याने बोलतेस?"

आईने जरा विचार केला. "सोबत कोणी आहे म्हटलं, की थंडीत उठवतं."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी बाकावर थोडी सरकून बसले, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. डबा नेहमीपेक्षा लवकर संपला. आता मी नोकरी करते त्या प्रयोगशाळेतही एकटी असले की आकडा मोठ्याने म्हणते. कोणी विचारलं तर सवय आहे म्हणून सांगते.

गोणी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गजर वाजला नाही. मला सव्वासातला जाग आली तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं. मी वही घेऊन मागच्या दारात आले.

पेटीचं दार उघडं होतं. आईचे खांदे बाहेर होते, चेहरा आत. ती बोलत होती. वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत होता, त्यामुळे एकही शब्द ऐकू आला नाही. मी जागची हलले नाही. घड्याळात बघितलं, मी आल्यापासून चार मिनिटं ती तशीच होती. मग तिने चेहरा बाहेर काढला, बाहीने डोळे पुसले आणि मला पाहिलं.

"उभी काय राहिलीस, शास्त्रज्ञबाई? साडेसात वाजले. तू वाच, मी लिहिते."

मी मान झुकवली. डोळा आणि पारा एका रेषेत आणला आणि मोठ्याने म्हणाले, "एकोणीस पूर्णांक दोन."

आईने पेन्सिल टेकवली नाही. "खोडी माझी आहे," ती म्हणाली. "दार लाव. दहा मिनिटांनी परत बघू."

आम्ही पायरीवर बसलो. आईने दारातली गोणी जवळ ओढून तिचं तोंड सुतळीने बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"आज गजराला किल्ली द्यायची आठवण कर," ती म्हणाली. "अजून दहा दिवस आहेत."

दहा मिनिटांनी मी पुन्हा दार उघडलं. अठरा पूर्णांक सहा.