शुक्रवारचा हप्ता

मखमलाबादच्या गोटीरामने उभ्या आयुष्यात एकच चैन करायची ठरवली, आणि तीही साठी उलटल्यावर. त्याला गाडी घ्यायची होती. फुलं बाजारात न्यायची पिकअप दारात होतीच, पण ही होती झोपायची गाडी. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त कॅप्टनसाहेबांनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आत पलंग, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती. साहेब लेकाकडे परदेशी गेले आणि गाडी भिमाजीच्या गॅरेजात विकायला उभी राहिली.

"ना धड घर, ना धड गाडी," भिमाजी येईल त्याला सांगायचा. "असलं धूड घेणार कोन?"

गोटीरामला मात्र ती पाहताक्षणी सखुबाई आठवली. सखुबाई म्हणजे त्याची बायको. लग्न होऊन आली तशी ती पहाटे झेंडू तोडायला वाकली आणि दिवसभर हार ओवत बसली. फुलाला सुट्टी नसते. आज तोडलं नाही तर उद्या त्याला कुणी विचारत नाही. म्हणून माहेरी सायखेड्याला गेली तरी संध्याकाळच्या एसटीने ती परत, आणि लग्नाला गेली तर जेवणाचं ताट सोडून परत. आता शेत आणि फुलं मुलगा राज सांभाळत होता, मोकळा वेळच वेळ होता, तर पाठीने दगा दिला. ऑपरेशन झालं, चालता यायला लागलं, पण अर्धा तास बसलं की आडवं व्हावं लागायचं. एसटी बंद, रेल्वे बंद. दात होते तेव्हा चणे नव्हते आणि चणे आले तेव्हा दात गेले, त्यातली गत.

एका संध्याकाळी तो तिला रिक्षाने गॅरेजात घेऊन गेला. सखुबाई गाडीत चढली, पलंगावर आडवी झाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"पडल्या पडल्या रस्ता दिसतो की," ती म्हणाली.

एवढंच. पण परत येताना तिने दोनदा विचारलं, की आत पंखा हाय का. गोटीराम काय समजायचं ते समजला. हिला घेऊन निघायचं, वाटेल तिथे मुक्काम करायचा आणि पहाटे कुणी कुणाला उठवायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं. इतकी वर्षं हे का सुचलं नाही, म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

साठवलेलं सगळं ऑपरेशनमध्ये गेलं होतं, म्हणून तो बँकेत गेला. गोटीरामला कर्ज द्यायला कोण नाही म्हणणार, अशी त्याची खात्री होती. फूलबाजारात त्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून माल द्यायचे. कर्जाच्या टेबलावर शुभांगी नावाची मुलगी होती, पोरगेलीशी पण कामाला चोख. तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"काका, तुमचा स्कोअर कमी आलाय. कर्ज मंजूर होणार नाही."

"कसला स्कोअर? मी कुनाचा रुपया बुडवला नाय."

"बुडवला नाही, पण उशिरा भरलात. हे तुमचं पिकअपचं कर्ज, फिटलेलं. हप्त्याची तारीख दहा. बरेच हप्ते वेळेवर आहेत, पण मधेच एक-दोन दिवस उशीर, पुन्हा मधेच उशीर. अगदी शेवटपर्यंत. असं का हो व्हायचं?"

तिने शेजारचं कॅलेंडर पुढे ओढून महिने दाखवले, आणि गोटीरामच्या लक्षात आलं. दहा तारीख मंगळवारी किंवा शुक्रवारी आली की उशीर. त्याच्या घरात मंगळवार-शुक्रवारी पैसा बाहेर देत नसत. लक्ष्मीचे वार, त्या दिवशी घरातली लक्ष्मी उंबरा ओलांडू द्यायची नाही. हा नेम त्याची आई नवसाबाई पाळायची, आणि ती गेल्यावर सखुबाईने तो तसाच चालवला. हप्त्याचे पैसे तिच्या डब्यात असत आणि डबा त्या वारी उघडत नसे. तारखेच्या आधी भरावेत, हे गोटीरामला कधी सुचलं नाही. बाजाराच्या उधारीत दोन दिवस मागेपुढे म्हणजे वेळेवरच. बाजारात पैशाला चोख मानलेला माणूस बँकेच्या लेखी उशीर करणारा निघाला, आणि त्याला ते फार लागलं.

पण शुभांगीला तो म्हणाला, "व्हायचा उशीर. कामाच्या गडबडीत."

"तुमची पत गावाला माहीत आहे, काका, पण आम्हाला ती नोंदीत दिसावी लागते," ती समजुतीने म्हणाली. "एखादं छोटं कर्ज घ्या. वर्षभर एकही तारीख चुकवू नका. मग या, मी स्वतः फाइल पुढे सरकवते."

घरी सखुबाई वाटच बघत होती. तुझ्या नेमापायी तुझीच गाडी अडली, हे गोटीरामच्या तोंडून निघेना. पाठ गेली, आता श्रद्धेलाही धक्का कशाला?

"गाडी जुनी हाय म्हनले. वर्षानं बघू म्हनले," त्याने ठोकून दिलं.

"वर्षानं ती नवी व्हनार हाय का?" सखुबाई म्हणाली. पण पुढे तिने विषय वाढवला नाही. फक्त गॅरेजकडच्या रस्त्याने जायचं झालं की ती रिक्षात मान दुसरीकडे वळवायची.

त्याने फ्रीज घेतला, त्याच बँकेच्या हप्त्यावर, तारीख पुन्हा दहाच. दहा तारीख वाईट वारी येणार असली की आदल्या दिवशीच काहीतरी कारण काढून तो पैसे मागायचा आणि भरून यायचा. भिमाजीकडे अधूनमधून जाऊन गाडीवरची धूळ पुसायचा. गाडीला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. भिमाजी कपाळाला हात लावायचा आणि गोटीराम देवाचे आभार मानायचा.

वर्ष भरत आलं. शेवटचा हप्ता उरला, तोही नेमका शुक्रवारचा. आणि बुधवारी गोटीराम तापाने फणफणला. गुरुवार कसा आला नि गेला, त्याला कळलं नाही. शुक्रवारी सकाळी डोळे उघडले ते थेट कॅलेंडरवर गेले आणि तो धडपडत उठायला लागला. पाय जमिनीवर ठरेनात. राज माल घेऊन दादरच्या फूलबाजारात गेलेला, तो रात्रीशिवाय येणार नव्हता.

"कुठं निघालात?" सखुबाईने त्याला परत खाली निजवलं.

"बँकेत. आज शेवटची तारीख."

"उद्या भरा. आज शुक्रवार हाय."

गोटीराम भिंतीकडे तोंड करून पडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तापाने माणूस हळवा होतो, पण हे निव्वळ तापाचं नव्हतं. सखुबाईने नवऱ्याला असं रडताना त्याच्या आईच्या मयतीनंतर पाहिलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि उठेचना. मग त्याने सगळं सांगितलं. कॅलेंडर, मंगळवार, शुक्रवार, शुभांगी, फ्रीज.

सखुबाईने पदराने त्याचे डोळे पुसले.

"मला का नाय सांगितलं?"

"तुझा नेम. तुझं मन कसं मोडू?"

"माझा?" सखुबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "आवो, माझा कुठला? सायखेड्याला माझा बाप शुक्रवारीच गड्यांची मजुरी वाटायचा. हा आत्याबाईंचा नेम. त्या गेल्या तवा वाटलं, आता सोडावा. पन म्हनलं, आईची तेवढीच एक गोष्ट घरात ऱ्हायलीय, बंद केली तर तुमाला लागंल."

"मला? मला तर कधीच पटला नाय. आईपुढं बोलता येत नव्हतं, आन् नंतर तुझ्यापुढं."

आधी सखुबाई हसली. मग गोटीरामही हसला, तापाच्या अंगाने, खोकत खोकत. इतकी वर्षं एकाच ताटात जेवली, पण एवढी एक गोष्ट कुणी कुणाला विचारली नव्हती.

मग सखुबाई उठली. डबा उघडून तिने पैसे घेतले, फ्रीजचं पुस्तक घेतलं, पायात चपला सरकवल्या.

"तुला बसवत नाय, रांग असती तिथं," गोटीराम म्हणाला.

"उभं तर ऱ्हाता येतं," ती म्हणाली आणि रिक्षा थांबवायला बाहेर पडली. बँकेत ती एकटी आजवर कधी गेली नव्हती.

गाडी त्यानंतर दोन महिन्यांनी मिळाली, ते इथेच सांगून टाकू या. शुभांगीने शब्द पाळला. पण गोटीरामला विचाराल तर तो गाडीचं नाही, त्या शुक्रवारचंच सांगतो. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले, सखुबाईचा पत्ता नाही. बँक बंद व्हायची वेळ झाली. पडली असेल, पाठ भरून आली असेल, कशाला पाठवली, असं नाही नाही ते त्याच्या मनात आलं. तो भिंतीला धरून दारापर्यंत आला तेव्हा रिक्षा थांबली. सखुबाई उतरली. केस एका बाजूला चपटे झालेले, गालावर बाकाच्या फळीचा वळ.

"भरला," ती म्हणाली. "भरल्यावर पाठ लय भरून आली, म्हनून त्या पोरीनं मला मागच्या खोलीत बाकावर आडवं केलं. आन् मला झोप लागली. भर दुपारी."

"आन् मी इथं जीव मुठीत धरून."

सखुबाईला ते ऐकू गेलंच नाही. ती उंबऱ्यातच उभी होती, तोंडावर नव्या नवरीसारखं काहीतरी.

"जाग आली, तर कुठं हाय तेच कळंना. छत वेगळं, आवाज वेगळे, उठवायला कुनी नाय. घाबरले नाय बरं का मी. तशीच पडून ऱ्हायले." ती थांबली. "आवो, लय बरं वाटलं."

गोटीरामने तिचा हात धरला आणि दोघं एकमेकांच्या आधाराने आत गेली.