उसनं बाळ

शेजारच्या राखीचं बाळ उसनं आणायची कल्पना अक्काबाईची. साखर आणतात, विरजण आणतात, पाहुणे जास्त झाले तर शेजारच्या खुर्च्यासुद्धा आणतात. मग घटकाभर एक पोरगं आणलं तर काय बिघडलं, असं तिचं म्हणणं होतं.

अक्काबाई विंचूरकडच्या खेड्यातून सुनेच्या बाळंतपणासाठी आली होती. तृप्तीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. अक्काबाईचा मुलगा ललित पंचवटीतल्या भाजीबाजारात आडत्याकडे कामाला. अंधार असतानाच घरातून निघायचा, दुपारी येऊन आडवा व्हायचा. आणि दीड महिन्याची साक्षी दिवसभर शहाण्यासारखी झोपून दिवेलागणीला रडायला बसायची. देवळांतल्या घंटा वाजू लागल्या की हिचं सुरू. घंटा थांबायच्या, ही थांबत नसे. भूक नाही, ताप नाही, पोट दुखत असेल म्हणून ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली. साक्षीला रडायचं होतं, ती रडत होती.

तृप्ती दवाखान्यातून सुटताना एका संस्थेच्या बाईंनी विचारलं होतं, पहिलटकर आईबापांना आम्ही घरी येऊन भेटतो, चालेल का? तृप्ती हो म्हणाली होती. आता त्याच संस्थेच्या रोहिणीताईंचा फोन आला, बुधवारी दुपारी येते म्हणून.

"कशाला येती ती?" अक्काबाईनं विचारलं.

तृप्तीनं मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. मुलांवर अत्याचार होऊ नयेत यासाठी नव्या आईवडिलांना आधार.

अक्काबाईनं त्यातला एकच शब्द उचलला. "अत्याचार म्हनती. म्हंजे पोलिसाची हाय."

"पोलिस नाही हो आई. मदतीला येतात."

"फुकट मदतीला कोन येतं गं? पोरगी बघाया येनार आन् उचलून न्येनार."

तिच्या भीतीला कारण होतं. साक्षीच्या कमरेखाली जन्मापासून एक मोठा निळसर डाग होता. कुणीही पाहिलं तर वाटावं, कुणीतरी मारलंय. तो डाग त्या बाईनं पाहिला की संपलं, असं अक्काबाई म्हणाली. दुसरंही एक कारण होतं. ते ती बोलली नाही.

शेजारच्या राखीला तिनं दोन मिनिटांत पटवलं. राखीचा राज पाच महिन्यांचा, गुबगुबीत, कुणाकडेही जाणारा आणि कधी न रडणारा. आठवडाभर मी त्याला तेल लावून न्हाऊ घालते, असं अक्काबाईनं कबूल केलं. राखीला तेलापेक्षा गंमतच जास्त वाटली. अडचण एकच होती, राज मुलगा होता. अक्काबाईनं त्याला साक्षीचा फ्रॉक चढवला. मागची बटणं लागेनात, म्हणून पाठीवर दुपटं टाकलं. कपाळाला टिकली लावली, हातात काळ्या बांगड्या सरकवल्या. साक्षीला राखीकडे पोचवलं. ललितला सांगितलं, तू सैपाकघरात पड आणि बाहेर येऊ नको.

"आई, हे बरं दिसत नाही," तृप्ती म्हणाली.

"दिसाया काय झालं? तुझ्यापरीस गोरी दिसती."

बुधवारी रोहिणी आली. चाळिशीची, चष्मा लावलेली, जिना चढून दमलेली. खुर्ची पुढे केली तरी ती सतरंजीवरच बसली. तृप्तीच्या मांडीवरच्या बाळानं तिच्याकडे पाहिलं, मान ताठ करून पुढे झुकलं आणि तिचा चष्मा काढून घेतला.

"दीड महिन्याची ना?" रोहिणीनं विचारलं.

"दीडच," अक्काबाई म्हणाली.

"मान छान धरलीय."

"आमच्याकडं लेकरं लवकर अंग धरत्यात. ह्याचा बाप तर..." अक्काबाई थांबली. "हिचा बाप."

राजनं चष्म्याची काडी तोंडात घातली आणि रोहिणीकडे पाहून तोंडभर हसला. खालच्या हिरडीत एक पांढरा दात होता.

"दातही आला की."

अक्काबाईनं वाकून तो दात पाहिला. "काल नव्हता," ती म्हणाली.

रोहिणी बरीच वर्षं हे काम करत होती. लोकांनी तिच्यापासून दारूच्या बाटल्या लपवल्या होत्या, रागीट नवरे लपवले होते, एका घरात तर खाटेखाली सासरा लपवला होता. पण बाळच लपवलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. सरळ विचारता आलं असतं. पण तिला आता या आजींचा अंदाज घ्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती.

"झोपते का नीट?"

"निवांत."

"रडते?"

"रडनं काय असतं ते तिला ठावंच नाय."

"बालवाडीचं काही बघून ठेवलंय का? या वेगानं दिवाळीपर्यंत चालत जाईल."

तृप्तीनं ओठ चावला. स्वयंपाकघरातून ललितच्या खोकल्याचा आवाज आला. अक्काबाईनं चहाचा कप रोहिणीपुढे सरकवला, आणि नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून खरी साक्षी रडू लागली. आज तिनं दिवेलागणीचीही वाट पाहिली नव्हती.

"ते शेजारचं," अक्काबाई म्हणाली. "लय किरकिरं हाय."

आवाज कानावर पडताच तृप्तीला पान्हा फुटला आणि ब्लाउज दोन्ही बाजूंनी ओला होऊ लागला. तिनं पदर ओढून घेतला. रोहिणीनं ते पाहिलं होतं. थट्टा आता थांबवावी, असं तिच्या मनात आलं. पण ते काम राजनंच केलं. फ्रॉक वर गेला आणि त्यातून एक धार कमानीसारखी निघून थेट चहाच्या कपात पडली.

रोहिणीनं कप बाजूला ठेवला.

"आजी, तुमच्या नातीचा नेम चांगला आहे."

मग तृप्ती हसायला लागली. बाळंत झाल्यापासून ती एवढी हसली नव्हती. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले आणि मग ती हसतेय की रडतेय, तेच कळेना. तेवढ्यात राखी साक्षीला घेऊन दारात आली, केस विस्कटलेली, घामाघूम.

"अक्का, घ्या बाई तुमचं तुम्हाला. मला नाही झेपत. आणि माझं मला द्या."

बाळं बदलली. राज टिकलीसकट आपल्या घरी गेला. साक्षी आईच्या पदराखाली गेली आणि गप्प झाली.

अक्काबाई भिंतीला टेकून बसली होती. "मला न्या," ती रोहिणीला म्हणाली. "पन पोरीला नगा नेऊ."

"मी कुणालाच नेत नाही आजी. मला स्वतःला जायला या गल्लीत रिक्षा मिळत नाही."

अक्काबाई हसली नाही. तिनं साक्षीचं दुपटं बाजूला करून तो डाग दाखवला. हे जन्मापासून आहे, कुणी मारलेलं नाही, देवाशप्पथ, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली.

"माझ्या थोरल्याला असाच होता," रोहिणी म्हणाली. "आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असतो. मोठं होता होता जातो. डॉक्टरही तेच सांगतील."

एवढं ऐकून अक्काबाईला हलकं वाटायला हवं होतं. पण ती सुनेकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होती. ललित दारात येऊन उभा होता.

"आई डागाला नाही घाबरली," तो म्हणतो न म्हणतो तोच अक्काबाई उठू लागली. त्यानं तिला हातानं थांबवलं. "मला घाबरली."

तो दारातच खाली बसला. मागच्या आठवड्यात साक्षी थांबतच नव्हती. तृप्ती अंघोळीला गेली होती. त्याला पहाटे कामावर जायचं होतं, डोकं फुटायला आलं होतं. त्यानं तिला काखेत धरून उचललं, गप बस म्हणून ओरडला आणि गदागदा हलवलं. तिची मान मागे गेली. अक्काबाईनं धावत येऊन तिला ओढून घेतलं. त्यानंतर आजीनं नातीला त्याच्या हातात दिलंच नव्हतं, आणि हे कुणी तृप्तीला सांगितलंही नव्हतं.

तृप्ती नवऱ्याकडे बघत राहिली. साक्षी दूध पीत होती, म्हणून तिनं आवाज चढवला नाही. "मला का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाली.

"तोंड नव्हतं."

रोहिणीनं लगेच काही ऐकवलं नाही. हलवल्यानंतर बाळ सुस्तावलं होतं का, उलट्या झाल्या का, दूध नीट पितं का, हे तिनं विचारलं. सगळं ठीक होतं. तरी आजच डॉक्टरांना दाखवायचं, मी सोबत येते, असं तिनं सांगितलं. मग ती ललितकडे वळली.

"रडून बाळ मरत नाही. हलवल्यानं मरू शकतं. एवढीशी मान असते, आत मेंदूला इजा होते, बाहेरून कळतही नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"सांगायला हवं होतं. या वयात बाळं अशी रडतातच. तुमची चूक नाही, तिचीही नाही. आणखी दीड-दोन महिन्यांत कमी होईल. तोवर डोकं तापलं की तिला गादीवर पाठीवर झोपवायचं आणि खोलीबाहेर पडायचं. घरात दुसरं कुणी असेल तर त्याच्याकडे द्या आणि नाक्यापर्यंत जाऊन या. डोकं शांत झालं की परत."

"रडत्या लेकराला टाकून जायाचं?" अक्काबाईनं विचारलं.

"टाकून नाही, ठेवून."

त्याच दुपारी डॉक्टरांनी साक्षीला तपासलं. बाळ ठीक होतं. डागाबद्दल त्यांनी रोहिणीनं सांगितलं तेच सांगितलं. परत येताना रिक्षात तृप्तीनं साक्षीला ललितच्या मांडीवर ठेवलं. त्यानं काचेचं भांडं धरावं तसं तिला धरलं, आणि घर येईपर्यंत हात हलवला नाही.

अक्काबाईनं मात्र हे नवं शास्त्र जरा जास्तच मनावर घेतलं. साक्षीनं तोंड वाकडं केलं की ती ललितला सांगायची, "नीघ." डोकं तापलं नाही म्हणाला तरी, "तापल. आधीच जा." ललित उठून नाक्यावर केरूच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहायचा. रोज संध्याकाळी तो तिथं दिसू लागल्यावर गल्लीत बोलवा झाली की बायको त्याला घराबाहेर काढते. केरू तर चहा देताना विचारायचा, "आज किती वेळाची शिक्षा?" ललितनं पहिले काही दिवस समजावून सांगितलं. मग सोडून दिलं.

रोहिणी पुन्हा आली तेव्हा तृप्तीनं सासूदेखतच विचारलं, "ताई, हे फक्त बापानंच करायचं असतं का? डोकं माझंही फिरतं. एकदा तर तिला खिडकीबाहेर टाकावंसं वाटलं. टाकलं नाही, पण वाटलं."

अक्काबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आईला तर जास्तच वाटतं," रोहिणी म्हणाली. "बोललीस, बरं केलंस. तूही जा."

"बाळंतीन नाक्यावर?" अक्काबाई म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"आजी, रडणं दोघांनाही सारखंच ऐकू येतं."

दोन दिवस अक्काबाई धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साक्षीनं सूर लावला, तृप्तीचा चेहरा उतरला, आणि अक्काबाईनं तिच्या पायांत चपला सरकवल्या. "कानाला रुमाल बांध," ती म्हणाली. "आन् लवकर येऊ नको."

त्यानंतरच्या भेटीला रोहिणीला उशीर झाला. गल्लीत दिवे लागले होते, देवळांत घंटा चालू होत्या. केरूच्या टपरीजवळ तिला कानाला रुमाल बांधलेली तृप्ती दिसली, एकटी उभी, दोन्ही हातांत कप धरून. आजूबाजूचे पुरुष जरा अंग चोरून उभे होते. टपरीवर बाळंतीण आली की कसं उभं राहायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

वरून साक्षीचं रडणं ऐकू येत होतं. त्यात ललितचा आवाज मिसळला होता. त्याला अंगाई येत नव्हती, म्हणून तो भाजीबाजारातला लिलाव म्हणत होता, पण अगदी हळू, लांबवून, "मेथी बोला, मेथी... कोथिंबीर बोला, कोथिंबीर..." मधूनच अक्काबाई बोली लावत होती. रडणं थांबलं नव्हतं, पण मालाचे भाव ऐकायला थांबावं तसं अधूनमधून अडखळत होतं.

"जायचं का वर?" रोहिणीनं विचारलं.

"थांबा ना ताई," तृप्ती म्हणाली आणि कपावर फुंकर मारली. "किती दिवसांनी गरम मिळालाय. केरूभाऊ, ताईंनाही द्या एक."